चवळीच्या चिठ्ठीवरचं नाव

चांगुणाबाई भैलुमे बोलायला बसली की बाजरीचं पोतं निवडून व्हायचं, पण बोलणं सरायचं नाही. शेळीशी बोलायची, हापशाशी बोलायची, तव्यावरच्या भाकरीलासुद्धा "फुगतीस का न्हाई" म्हणून दम द्यायची. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडून एक शब्द मात्र पन्नास वर्षांत कुणी ऐकला नव्हता. तो म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव.

नाव काही अवघड नव्हतं. बन्सी. बोबडं लेकरूही घेईल. पण कर्जत तालुक्यातल्या त्या गावात तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं सांगितलेलं, आईला आजीनं. आता तिला ते खरं वाटत होतं अशातला भाग नाही. पण नवरा एकच, आणि तोही जुना. उगाच परीक्षा कशाला बघा, असा तिचा विचार.

एकदा पथ्य धरलं की ते वाढत जातं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती शेजारच्या बाईकडे बघायची. बँकेत म्हणायची, "कार्डावर हाय बघा." नवऱ्याच्या नावाचा एक गहू असतो, शेवयांना फार चांगला, त्याला ती नुसतं 'शेवयाचा गहू' म्हणायची. बासरीला पावा म्हणायची. बासुंदीचा आणि नवऱ्याचा तसा काही संबंध नाही, पण तोंड उघडताना सुरुवात सारखीच होते, म्हणून लग्नाच्या पंगतीत ती वाढप्याला "ते आटीव दूध वाढा" म्हणायची, आणि वाढपी तिच्यापुढं चहाचा कप आणून ठेवायचा.

हे सगळं निभावलं. पण खरी पंचाईत होती ती चवळीची.

तिच्या घरात आढ्याला चार वाळके भोपळे टांगलेले. पोकळ केलेले, आत राख आणि कडुलिंबाचा पाला, आणि राखेत बी. एकात पांढरी चवळी, काळ्या डोळ्याची. एकात तांबडी. एकात बारीक करडी, जिची उसळ शिजता शिजत नाही पण शिजली की बोटं चाटावीत. आणि चौथ्यात ती. ती म्हणजे तांबूस दाणा, घोटल्यासारखा गुळगुळीत, आणि डोळ्याभोवती मेंदी लावल्यासारखी कड.

ही चवळी सासूची, बनुबाईची. बन्सी जन्मला त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपून गेली. बाराव्या दिवशी बारसं, आणि वाटायला घुगऱ्या कशाच्या करायच्या हा प्रश्न. बनुबाई ओली बाळंतीण, तशीच रानात गेली. बघते तर करपलेल्या ताटांत एक चवळीचा वेल हिरवागार, ऊन खात मांजरागत पसरलेला, अंगभर शेंगा. त्या दाण्यांच्या घुगऱ्या झाल्या आणि मूठभर बी मागं राहिलं. पाळण्यातल्या पोराचं नाव बन्सी ठेवलं, आणि वेलानं लाज राखली म्हणून चवळीचंही बन्सीच ठेवलं. बनुबाई म्हणायची, एका पाळण्यात दोन बारशी उरकली.

जाताना तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि सांगितलं, बी जप आणि नाव जप. बी जपणं चांगुणाबाईला सोपं गेलं. नावाची जबाबदारी मात्र म्हातारीनं नेमकी अशा बाईवर टाकली, जिला ते घेता येत नव्हतं.

मग काय, चांगुणाबाई चवळीला 'ती आपली' म्हणू लागली. आपली काढायचीय, आपली शिजत घातलीय. शेजारणी बी मागायला आल्या की 'आपली' घेऊन जायच्या. वर्षं गेली, जुनी माणसं गेली, आणि सगळ्या गावात चवळीचं नाव 'आपली' पडलं. खरं नाव माहीत असलेली तीनच माणसं उरली. एक चांगुणाबाई. दुसरी तिची नणंद बायडाबाई, चार कोसांवरच्या गावात दिलेली, माहेराहून तिनंही ओटीत तेच बी नेलेलं. आणि तिसरा खुद्द बन्सी, जो या सगळ्यावर ओट्यावर बसून गालातल्या गालात हसायचा.

त्याच्या हसण्याला कारण होतं. लग्न लागून चांगुणाबाई घरी आली तेव्हा बायडाबाईनं रीतीप्रमाणं दारात आडवा हात घातला होता. नाव घे, मग आत ये. चांगुणाबाई सोळा वर्षांची. तिनं मान खाली घालून काहीतरी पुटपुटलं आणि नणंदेच्या हाताखालून वाकून आत शिरली. घेतलं होतं, असं तिचं म्हणणं. मला तर काई ऐकू आलं न्हाई, असं बायडाबाईचं. तेव्हापासून बन्सी येता-जाता म्हणायचा की आपलं लगीन अर्धंच झालंय, नाव घेशील त्या दिवशी पुरं. पुढं चेतन झाला, त्याला मिसरूड फुटलं, तो नागापूरच्या कारखान्यात लागला, त्याची पोरं शाळेत जायला लागली, तरी आजी-आजोबांचं लग्न आपलं अर्धंच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दारात एक मुलगी स्कूटी घेऊन आली. नाव प्रार्थना, नगरची, शेतीचं शिकलेली. जुनी गावठी बियाणी गोळा करून जपणाऱ्या एका संस्थेत कामाला. संस्थेचं कर्जतजवळ शेत होतं, तिथं हे बी पेरून बघायचे, आणि एका वाणाचा गुण दुसऱ्यात उतरवायचे.

तिनं चौथ्या भोपळ्यातले दाणे तळहातावर घेतले आणि बघतच राहिली. मग प्रश्नांवर प्रश्न. बी कुठलं ठेवता? चांगुणाबाईनं सांगितलं की पहिल्या शेंगा घरच्यांनी खायच्या, शेवटच्या शेळीनं, आणि मधल्या बाराच्या, म्हणजे मधल्या तोडणीच्या, बियाला. त्याही वेलाच्या मधल्या अंगाच्या, भरलेल्या, एकसारख्या. दाणा दातानं फोडायचा, कट्टकन वाजला तर वाळला. पाण्याचं काय? पेरणीला एक आणि मधे एक पाऊस झाला तरी तिला पुरतं. खत? तिला कशाला खत, तीच रानाला देती. उपटून बघ, मुळाला बारक्या गाठी असतात, मोत्यागत. तिच्या ओळीत दुसऱ्या साली बाजरी लावली तर कणीस हातभर. पाल्याची भाजी होती, कोवळ्या शेंगांची होती, दाण्याची उसळ होती, आणि उरलेला वेल शेळी खाती. तिच्यात टाकून देण्यासारखं एकच हाय, राख.

प्रार्थनाचं पेन थांबत नव्हतं. मग ती म्हणाली, "आजी, वाणाचं नाव?"

चांगुणाबाईनं ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर बन्सी. चेतननं त्याला ऐकायचं मशीन आणून दिलं होतं, आणि त्या मशीनचा त्याला फार उपयोग होता: ऐकायचं असलं की कानात, नसलं की खिशात. आत्ता ते कानात होतं. चांगुणाबाईनं त्याला डोळ्यांनी खुणावलं, सांगा की. त्यानं आकाशाकडे बघितलं. "बी तिचं, नाव तिनंच सांगावं," असं म्हणाला आणि मशीन काढून खिशात टाकलं.

प्रार्थनालाही ते तिच्याच तोंडून हवं होतं. फॉर्मवर तसंच छापलेलं, बी जपणाऱ्याने सांगितलेलं नाव.

"ती व्हय," चांगुणाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "ती ह्यांची."

प्रार्थनानं लिहिलं: ह्यांची.

तसं नव्हे, म्हणजे ह्यांचीच, पण ह्यांचं जे हाय ते. प्रार्थनाला काही कळेना. चांगुणाबाईनं कोडं घातलं: ओठाला लावून वाजवतात ते. प्रार्थना म्हणाली शिट्टी, मग म्हणाली पिपाणी. चांगुणाबाई म्हणाली, अगं लांब असतं, भोकं असतात. प्रार्थनाचा चेहरा उजळला आणि तिनं आधीचं खोडून लिहिलं: बासरी.

जवळ आली होती पोरगी, पण पोचली नव्हती. मग चांगुणाबाईला वाटलं ही शेतीची शिकलेली, गव्हावरून ओळखेल. म्हणून तिनं सांगितलं की त्या नावाचा गहू असतो, जुना, शेवयांना चांगला. प्रार्थनानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं: खपली.

शेवटचा उपाय म्हणून चांगुणाबाईनं डब्यातून आधार कार्ड काढलं आणि मधल्या शब्दावर बोट ठेवलं. चांगुणाबाई बन्सी भैलुमे. मधल्या शब्दावर तिनं बोट असं दाबून धरलं की ते निघेना. प्रार्थनानं कार्ड जवळ धरून नीट पाहिलं आणि धीर देत सांगितलं की काही चूक नाही आजी, स्पेलिंग बरोबर आहे.

ती गेल्यावर चांगुणाबाईनं शेळीला सांगितलं की शिकून माणसं फार सरळ होतात.

जूनमध्ये फोन आला. प्रार्थना घाबरलेली. पेरणी आली आणि तुमच्या चवळीची पुडी सापडत नाही. सगळा चवळीचा कप्पा उपसला. दुसऱ्या दिवशी परत फोन, पुडी मिळाली. गव्हाच्या कपाटात होती, खपलीच्या शेजारी, कुणीतरी नाव वाचून शहाणपणानं तिथं नेऊन ठेवलेली. चांगुणाबाई हसून हसून भिंतीला टेकली. पण हसू ओसरल्यावर ती आढ्याखाली जाऊन चौथ्या भोपळ्याकडे बघत उभी राहिली. पन्नास वर्षं राखेत जपलेलं बी, आणि आपल्या तोंडाच्या पथ्यापायी गव्हात हरवत होतं.

भाद्रपदात पुन्हा फोन आला, आणि या वेळी काम मोठं होतं. संस्थेच्या शेतावर वाण जपणाऱ्या बायकांचा मेळावा होता. तुमची चवळी फुलावर आहे, प्रार्थना म्हणाली, तिचा संकर करणार आहोत तुमच्यासमोर. तुमची वेलाची, पाणी कमी लागणारी, पण तीन महिने घेते. दुसरी आहे झुडपी, दोन महिन्यांत येते, पण ऊन सोसत नाही. दोघींचं मिळून एक करायचं. आणि चांगुणाबाईनं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, तुमची आहे ती तशीच राहणार, बरणीत वेगळी. हे तिचं लेकरू असेल.

मग मुद्द्यावर आली. संकराच्या फुलाला चिठ्ठी बांधतात. तिच्यावर आईच्या वाणाचं नाव, बापाच्या वाणाचं नाव. ते नाव वहीत जातं, आणि पुढं आठ-दहा वर्षं तेच चालतं. तेव्हा आजी, एकदा काय ते पक्कं सांगा. नाहीतर मी खपलीच लिहिणार.

चांगुणाबाईनं 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि शेळीच्या गोठ्यात गेली. दार लावून घेतलं. सराव करायला काय हरकत आहे, ऐकणारं कुणी नाही. तिनं डोळे मिटले, पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, "ब..."

"बॅंऽऽ," शेळी म्हणाली.

ओट्यावरून लगेच आवाज आला, "कोण हाक मारतंय मला?"

म्हणजे मशीन कानात होतं.

मेळाव्याच्या दिवशी दोघं टेम्पोतून गेली. बन्सीनं धुतलेला सदरा घातलेला, नवी टोपी. चांगुणाबाईनं विचारलं, तुम्ही कुठं निघालात नवरदेव होऊन. तो म्हणाला, अर्धं राहिलेलं लगीन बघायला. तिनं तोंड फिरवलं आणि रस्ताभर बाभळी मोजल्या.

शेतावर मांडव, शंभरेक बायका, टोपल्यांतून मांडलेली बियाणी. आणि टोपल्यांच्या पलीकडं, कमरेवर हात ठेवून, बायडाबाई. नणंद आता पंच्याहत्तरीला आलेली, पण आवाज दारात हात घातलेल्या दिवशीचाच. तिनंही चवळीची टोपली आणली होती. तोच तांबूस दाणा, तीच मेंदीची कड. चांगुणाबाईनं विचारलं, काय म्हणून मांडलीस? बायडाबाई शांतपणे म्हणाली, बायडी चवळी.

चांगुणाबाईनं टोपलीच ओढून धरली. ही कुठली बायडी, ही तर आईची. बायडाबाईनं समजावून सांगितलं. तुझ्या तोंडून नाव निघत नाही, बन्साचं तर लक्षच नाही, आणि बिननावाची वस्तू ज्याला सापडली त्याची. आईचं बी गव्हाच्या कपाटात गेलेलं तिनं ऐकलं होतं. त्यापेक्षा बायडी काय वाईट?

"आज घेतलंस नाव तर तुजं," ती म्हणाली, "न्हाई घेतलंस तर त्या पोरीला मी सांगती, बायडी ल्ही म्हनून."

तेवढ्यात माईकवाल्यानं माईक सुरू केला आणि त्यातून अशी किंकाळी निघाली की मांडवावरचे कावळे उडाले. बन्सीनं दोन्ही कान धरले, मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. हे चांगुणाबाईनं पाहिलं नाही. ती बायडाबाईकडे बघत होती.

सगळ्या बायका प्रार्थनाच्या मागं चवळीच्या ओळींकडे गेल्या. एका कडेला चांगुणाबाईचा वेल, बाजरीच्या ताटांना विळखे घालत वर चढलेला, जांभळट फुलं. दुसऱ्या कडेला झुडपी, आटोपशीर, शाळेत बसवल्यासारखी. प्रार्थनानं दाखवलं. उद्या उमलणारी कळी आदल्या सांजेला हळूच उघडायची, चिमट्यानं तिच्यातले पराग धरणारे तंतू काढून घ्यायचे, आणि कळी झाकून ठेवायची. सकाळी झुडपीच्या फुलाचा पराग आणून तिच्या टोकाला लावायचा. एवढंच. पण वेळ थोडा असतो, ऊन चढलं की फूल मिटतं.

बायकांना हे फार पटलं. एक म्हणाली, ही तर सोयरीक झाली. दुसरी म्हणाली, आदल्या सांजेला हळद लागली म्हणा की. तिसरीनं विचारलं, नवरदेवाचं नाव काय? प्रार्थना म्हणाली, त्याला नाव नाही, नंबर आहे, सत्तावन्न. तर ती बाई म्हणते, नंबर? पोरगा जेलात हुता का?

हसण्याचा लोट ओसरेपर्यंत प्रार्थनाचं परागीकरण झालंही. तिनं फुलाच्या देठाला दोरा बांधला, दोऱ्याला कागदाची चिठ्ठी, आणि पेन उघडून चांगुणाबाईकडे वळली. माईकवाला पोरगेला माणूस हौसेनं माईक घेऊन पुढं आला.

"आईचं नाव, आजी?"

चांगुणाबाई एक पाऊल पुढं आली. तेवढ्यात ओळीच्या तोंडाशी बायडाबाई उभी राहिली आणि तिनं आडवा हात घातला. तोच हात, तसाच, फक्त बांगड्यांच्या जागी घड्याळ.

"नाव घे," ती म्हणाली, "मंग जा."

बायकांना एवढंच पाहिजे होतं. मेलेली असती तर उठून बसली असती, अशी एकेक म्हातारी ओरडायला लागली, नाव घ्या, नाव घ्या. लग्न म्हटल्यावर नाव आलंच.

चांगुणाबाईचे कान तापले. ती सत्तरीला टेकलेली, नातवंडांची आजी, आणि पायाचा अंगठा माती उकरायला लागला सोळा वर्षांच्या पोरीसारखा. तिनं गर्दीतून बन्सीला शोधलं. तो मागं बाभळीच्या सावलीत उभा, टोपी सारखी करत, डोळे तिच्याकडे. पंच्याहत्तरीजवळचा माणूस, सकाळी तीन भाकरी आणि वर ठेचा खाऊन आलेला. ह्याचं आयुष्य कमी करायला नुसत्या नावानं भागणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला हसू फुटलं. मग तिला वेल दिसला. बनुबाईनं दोघांचं बारसं एका दिवशी केलं होतं. एकाचं आयुष्य वाढावं म्हणून आपण गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यानंच दुसऱ्याचं संपत आलं. फूल कडेनं किंचित आत वळायला लागलं होतं.

तिनं माईक हातात घेतला. पदर नीट केला. आणि मोठ्यांदा, गावाच्या वेशीपर्यंत जाईल असं म्हणाली,

"बाजरीच्या ताटाला वेल घालतो मिठी,
बन्सीरावांचं नाव घेते चवळीच्या चिठ्ठीसाठी."

जो काही गलका झाला तो सांगून कळायचा नाही. एकीनं टोपलीतली मूठभर मटकी अक्षता म्हणून उधळली. बायडाबाईनं हात खाली घेतला, वहिनीच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "ऐकलं गं. आत्ता ऐकलं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं माईकच्या किंकाळीवर ढकललं.

प्रार्थना मात्र पेन हातात धरून उभी. तिच्या डोक्यात शिट्टी, पिपाणी, बासरी, शेवया आणि आधार कार्ड एकामागून एक पेटत गेली असावीत, कारण तिनं कपाळावर हात मारला. मग घाईघाईनं चिठ्ठीवर लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. आई बन्सीराव, बाप सत्तावन्न.

"राव खोड," चांगुणाबाई लगेच म्हणाली. "चवळीला कुठं राव असतंय?"

"मग काय लिहू?"

"नुसतं बन्सी."

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. माईक अजून तोंडासमोर होता. उखाण्यातलं नाव वेगळं, त्याला यमकाची झूल असते. हे उघडंवाघडं, राव नाही, काही नाही, हाटेलात पोऱ्याला हाक मारावी तसं. तिनं जीभ चावली. पण आभाळ होतं तिथंच होतं, बाभळीखालचा माणूसही उभा होता, टोपीसकट. तिला एकदम हलकं वाटलं, ओलं धुणं दोरीवर टाकून रिकामी झाल्यासारखं. तिनं आपणहून माईकमध्ये पुन्हा सांगितलं, ऱ्हस्व काढ नाहीतर दीर्घ काढ, तुझं तू बघ, पण बन्सी. त्यावर परत हशा.

हशा ओसरल्यावर बन्सी गर्दीतून वाट काढत पुढं आला. बहिणीला विचारलं, काय झालं, एवढ्या का हसताय? बायडाबाईनं त्याच्या कानाकडे पाहिलं. कान रिकामा.

"मशीन कुठाय?" तिनं ओरडून विचारलं.

"खिशात," तो म्हणाला. "लई बोंबलत हुता तो माईक. झालं का नाव घेऊन?"

त्यावर ज्या बायका हसल्या त्या खाली बसून हसल्या. पन्नास वर्षं ज्यासाठी थांबला, ते शंभर बायकांनी ऐकलं, बाभळीवरच्या कावळ्यांनी ऐकलं, आणि नवरदेव रुमालात कान गुंडाळून उभा.

परतीच्या टेम्पोत त्यानं मशीन घातलं, घट्ट बसवलं, आणि गोड बोलायला लागला. एकदाच. हळू म्हन. टेम्पोच्या आवाजात कुनाला कळनार न्हाई. चांगुणाबाईनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "एकदा लागलं लगीन. रोज काय लागतंय व्हय?" तो घरापर्यंत कान टवकारून बसला. उतरताना मात्र तिनं त्याचा हात धरला, आणि हे तिनं कधी टेम्पोत, चारचौघांत केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी ओट्यावर चहा पीत बसला होता. आतून आवाज आला, "बन्सीला उन्हात घाला."

तो तडक उठून अंगणात उन्हात जाऊन उभा राहिला.

चांगुणाबाई भोपळा घेऊन बाहेर आली. त्याला उन्हात उभा बघून विचारलं, तुमी काय करताय? मी चवळीचं म्हनलं. तिला ऊन दाखवायचं हाय. त्यानं विचारलं, आता नाव घेतलंस का माझं? ती म्हणाली, छे, तुमचं कशाला घीन, चिठ्ठीवर लिहिलंय ते चवळीचं. सरकारी नसलं तरी वहीतलं हाय.

आणि मग तिला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. पन्नास वर्षांचं तुंबलेलं होतं. दिवसभर घरातून बन्सी, बन्सी. बन्सीला भुंगा लागला का बघते. बन्सी भिजत घातलाय, सकाळपर्यंत फुगंल. बन्सी जरा कच्चाच राहिला, अजून दोन उकळ्या पायजेत. शेजारणीला म्हणाली, बन्सी घेऊन जा पावशेर, माझ्याकडं लई झालाय, आणि शेजारीण हसत हसत उंबऱ्याला अडखळली. चवळी बाईमाणूस होती, नावापायी पुरुष झाली, त्याचंही चांगुणाबाईला काही वाटलं नाही.

बन्सी प्रत्येक हाकेला 'ओ' द्यायचा. ती प्रत्येक वेळी म्हणायची, तुमाला न्हाई. तो म्हणायचा, असू दे.

पंधरा दिवसांनी प्रार्थनाचा फोन आला. चिठ्ठी बांधलेल्या फुलाला शेंग धरली होती, बोटाएवढी. वाळली की दाणे मोजून पुढच्या साली पेरायचे, आणि त्यातून ऊन सोसणारे, लवकर येणारे निवडत जायचं. सहा-सात वर्षांचं काम. चांगुणाबाई म्हणाली, आमी दोघंबी हाय की बघायला, लगीन नुकतंच झालंय.

त्याच आठवड्यात नागापूरहून चेतनचा फोन आला, बापासाठी. मशीनच्या बॅटऱ्या महिनाभराच्या दिल्या होत्या, त्या आठ दिवसांत कशा संपल्या? आधी तर एक एक पंधरा दिवस पुरायची, कारण ते मशीन कानापेक्षा खिशातच जास्त. आता काय रात्रंदिवस घालून बसता का, असं काय ऐकता?

आतून आवाज आला, "बन्सी करपला वाटतं, धावा कुनीतरी."

"ठेव," बन्सी फोनमध्ये म्हणाला, "मला बोलावनं आलंय. आन् येताना बॅटऱ्या जरा जास्त आन."